केबल बदलूनही यूएसबी परत तुटते: सिग्नल कंडिशनर चिप आणि तिचा ड्रायव्हर कसा तपासावा

लक्षण असे असते. वाळूजच्या एखाद्या लाइनवर पार्ट तपासणारा कॅमेरा किंवा लातूरच्या डाळ मिलमधल्या पॅनेलच्या दारावरचा पेनड्राइव्हचा पोर्ट महिना-पंधरा दिवस नीट चालतो आणि मग अधूनमधून तुटायला लागतो. केबल बदलली की बरे वाटते. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. लिनक्सच्या लॉगमध्येही कर्नल स्वतःच ‘कॅनॉट इनेबल. मे बी द यूएसबी केबल इज बॅड?’ असे विचारतो, त्यामुळे सगळ्यांचा हात आधी केबलकडे जातो.

बोर्डावर यूएसबी २.० ची सिग्नल कंडिशनर चिप असेल (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीयूएसबी२११, २१२, २१६, २१७ ही मालिका औद्योगिक बोर्डांवर दिसते), तर केबलला हात लावण्याआधी ती चिप खरोखर काम करते आहे का, हे पाहा. कारण साधे आहे. ही चिप डेटाच्या दोन तारा तोडून मध्ये बसत नाही. डी प्लस आणि डी मायनस सरळ कनेक्टरपर्यंत जातात आणि चिप त्यांना बाजूने चिकटून कडांना जोर देते. म्हणून ती बंद असली, रिसेटमध्ये अडकली असली किंवा ड्रायव्हरने तिला कधीच जागे केले नसले, तरी यूएसबी चालते. फक्त काठावर चालते. नवी, आखूड किंवा जाड तारेची केबल लावली की थोडी जागा मिळते. मे महिन्यात पॅनेल तापले, कनेक्टरवर धूळ बसली की ती जागा संपते. केबल बदलून दोष झाकला जातो, जात नाही.

खाली कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.

आधी बिघाडाची जात ओळखा

‘यूएसबी तुटते’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचे औषध वेगळे आहे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर आजार वाढतो.

पहिली जात: उपकरण ४८० मेगाबिटऐवजी १२ मेगाबिटवर उतरते. ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा आणि त्या उपकरणासमोर ४८०एम आहे की १२एम ते पाहा. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारा भाग) त्या उपकरणाच्या फोल्डरमधली ‘स्पीड’ ही फाइलही हेच सांगते. लॉगमध्ये ‘नॉट रनिंग ॲट टॉप स्पीड’ अशी ओळ असेल तर प्रश्नच नाही. याचा अर्थ वेग ठरवण्याची सुरुवातीची बोलणी, म्हणजे चर्प, फसली. रिसेटमध्ये उपकरण किमान १ मिलिसेकंदाचा चर्प-के पाठवते. होस्ट, म्हणजे बोर्डाचा यूएसबी कंट्रोलर, त्याला के आणि जे (तारांच्या दोन उलट अवस्था) असे एकाआड एक, प्रत्येकी ४० ते ६० मायक्रोसेकंदांचे चर्प परत देतो. अशा तीन जोड्या उपकरणाला नीट ओळखता आल्या, तरच ते हाय-स्पीडवर जाते. नाहीतर मुकाट्याने १२ वर राहते.

दुसरी जात: उपकरण ४८० वर जोडलेले असते, पण एरर येतात. लॉगमध्ये ‘-७१’ म्हणजे प्रोटोकॉल एरर आणि ‘-११०’ म्हणजे वेळ संपली. इथे सिग्नल कमी पडतो आहे. हाय-स्पीड रिसीव्हरची स्क्वेल्च मर्यादा १०० ते १५० मिलिव्होल्टच्या दरम्यान असते. डिफरन्शियल सिग्नल तिच्याखाली घसरला की रिसीव्हर त्याला सिग्नल मानतच नाही.

तिसरी जात: आधी एकही एरर नसताना अचानक ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ येते आणि क्षणभरात तेच उपकरण नव्या क्रमांकाने परत जोडले जाते. ही जात सर्वात फसवी. हाय-स्पीडमध्ये होस्टला उपकरण निघाल्याचे व्होल्टेजवरून कळते. समोरचे टर्मिनेशन गेले की तारेवरचा सिग्नल जवळपास दुप्पट होतो. ६२५ मिलिव्होल्टला होस्टने ‘तुटले’ म्हणायलाच हवे आणि ५२५ च्या खाली म्हणायचे नाही, असे यूएसबी २.० चे बंधन आहे. नेहमीचा सिग्नल ४०० च्या आसपास असतो. कंडिशनरचा बूस्ट, म्हणजे तो देत असलेला जोर, जास्त ठेवला तर तारेवरचे शिखर ५२५ च्या पुढे जाते आणि जोडलेले उपकरण होस्टला निघालेले वाटते. म्हणजे इथे सिग्नल कमी नाही, जास्त आहे. अशा वेळी ‘अजून एक पायरी बूस्ट वाढवून बघू’ म्हणणे म्हणजे तापलेल्या माणसाला गोधडी पांघरणे.

आणखी एक खूण. पेनड्राइव्ह ठीक चालतो आणि कॅमेरा मात्र अडखळतो, असे असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. पेनड्राइव्हचा डेटा बल्क पद्धतीने जातो. पॅकेट बिघडले तर होस्ट कंट्रोलर ते स्वतःच पुन्हा मागवतो आणि लॉगमध्ये ओळही येत नाही. बरेचसे यूव्हीसी (वेगळा ड्रायव्हर न लागणारे प्रमाणित यूएसबी) कॅमेरे आयसोक्रोनस पद्धत वापरतात, तिथे बिघडलेले पॅकेट गेले ते गेले. म्हणून सिग्नलची कमतरता कॅमेऱ्यात आधी दिसते. लॉग स्वच्छ आहे म्हणजे तार स्वच्छ आहे, असे समजू नका.

यूएसबी बारकोड स्कॅनर, कीबोर्ड, माऊस ही उपकरणे बहुतेक वेळा १२ किंवा १.५ मेगाबिटची असतात. कंडिशनर त्यांना हात लावत नाही. तीही तुटत असतील तर ५ व्होल्टचा पुरवठा आणि कनेक्टर पाहा. पुढचा मजकूर त्या दोषासाठी नाही.

चिप जिवंत आहे का: मल्टिमीटरने दोन मिनिटांत

टीयूएसबी२१एक्स मालिकेत व्हीरेग नावाचा एक पाय असतो. तो आतल्या १.८ व्होल्ट रेग्युलेटरचा आउटपुट आहे आणि त्याला जमिनीशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असतो. हा रेग्युलेटर चिप हाय-स्पीडमध्ये काम करत असतानाच चालू होतो. म्हणून ४८० वर चालणारे उपकरण जोडा, त्यातून डेटा वाहता ठेवा आणि त्या कपॅसिटरवर मीटर लावा. १.८ व्होल्ट आले तर चिपने हाय-स्पीड ओळखले आहे. शून्याजवळ असेल आणि एलएसयूएसबी ४८०एम म्हणत असेल, तर चिप झोपलेली आहे आणि लिंक केवळ तारेच्या भरवशावर चालली आहे.

चिप फक्त १.६ बाय १.६ मिलिमीटरची आहे, बारा पायांची. प्रोब चिपवर टेकवायचा प्रयत्न करू नका, शेजारचे पाय शॉर्ट होतील. कपॅसिटरच्या टोकावर टेकवा.

झोपलेली आढळली तर रिसेटचा पाय, म्हणजे आरएसटीएन, मोजा. तो वर हवा. खाली असेल तर दोष बहुधा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडले आहे ते कर्नलला सांगणारे वर्णन) आहे. हा पाय खाली असताना रिसेट, म्हणजे ‘ॲक्टिव्ह लो’. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रिसेट-जीपीआयओज’ समोर चुकून ‘जीपीआयओ ॲक्टिव्ह हाय’ लिहिले, तर ड्रायव्हर रिसेट सोडतो म्हणून पाय खालीच ओढून धरतो आणि चिप जन्मभर रिसेटमध्ये राहते. यूएसबी चालत असल्याने बोर्ड तपासणीत पास होतो. चूक उघडी पडते ती साइटवर, दारापर्यंत दीड मीटर केबल ओढल्यावर.

आय२सी मोडचा सापळा

आरएसटीएन वर आहे, पुरवठा ३.३ व्होल्ट आहे आणि तरी चिप झोपलेली, तर हा भाग नीट वाचा. या मालिकेतल्या बहुतेक तक्रारी इथे येऊन थांबतात.

आय२सी (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) असलेली चिप रिसेट सुटताना आपले एससीएल आणि एसडीए हे दोन पाय पाहते. दोन्ही वर ओढलेले असतील तर ती आय२सी मोडमध्ये जाते. नसतील तर ती बूस्टची पातळी पायांवरच्या रेझिस्टरवरून घेते आणि काही पायांवर स्थिती सांगते: एक ‘काहीतरी जोडले’ म्हणतो, दुसरा ‘हाय-स्पीड चालू’ म्हणतो.

आता आय२सी मोडमध्ये गेलेली चिप लगेच कामाला लागत नाही. ती कॉन्फिगरेशन मोडमध्ये थांबून राहते, कोणीतरी येऊन रजिस्टर (चिपच्या आतले सेटिंगचे कप्पे) भरेल म्हणून. कॉन्फिगरेशन रजिस्टरमधला (हेक्स ०३) सर्वात खालचा बिट शून्य केला की मगच ती नेहमीच्या मोडमध्ये जाते. बोर्ड बनवणाऱ्याने चिप आय२सी बसवर टाकली, पुल-अप लावले आणि फर्मवेअरमध्ये ड्रायव्हर घातलाच नाही, तर चिप कायम वाट बघत बसते. रेझिस्टरवरून काम करणारा नमुना बोर्ड उत्तम चालतो आणि ‘सुधारित’ बोर्ड वाईट, हा उलटा अनुभव यामुळेच येतो.

तपासायला ‘आय२सीडिटेक्ट -वाय’ आणि पुढे बसचा क्रमांक द्या. सात बिटांचा पत्ता हेक्स २सी. तिथे काही दिसले तर ‘आय२सीगेट’ने ०३ वाचा. खालचा बिट १ असेल तर दोष सापडला. लिनक्सच्या आधीच पाहायचे असेल तर यू-बूटच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरच्या) प्रॉम्प्टवर ‘आय२सी डेव्ह’ने बस निवडा, ‘आय२सी प्रोब’ करा आणि ‘आय२सी एमडी’ने वाचा. तिथेच ‘आय२सी एमडब्ल्यू’ने बिट शून्य करा, मग ‘यूएसबी रिसेट’ द्या. व्हीरेगवर १.८ आले की निदान पक्के झाले. बस १०० किलोहर्ट्झवरच ठेवा. त्याच बसवर दुसऱ्या कशासाठी ४०० किलोहर्ट्झ लावले असेल तर वाचन कधी येते, कधी नाही असे होऊ शकते.

पत्त्यावर काहीच दिसत नसेल तर पुल-अप कुठल्या रेलवर (पुरवठ्याच्या लाइनवर) आहेत ते बघा. रिसेट सुटल्यानंतर ती रेल वर येत असेल, तर रिसेटच्या क्षणी चिपला दोन्ही पाय खाली दिसले आणि ती रेझिस्टर मोडमध्ये गेली. ती आता आय२सीला उत्तर देत नाही आणि तिचा स्थिती-सिग्नल बसवर पडू शकतो, त्यामुळे त्याच बसवरचा टेंपरेचर सेन्सर किंवा ईईप्रॉमही अडकू शकतो. उपाय: रेल स्थिर झाल्यावर आरएसटीएन एकदा खाली-वर करा. चिप पाय पुन्हा पाहते.

रजिस्टर लिहिण्याचा क्रम

क्रम चुकला तर आकडे बरोबर असूनही उपयोग नाही. ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (चिप सापडल्यावर आधी चालणाऱ्या भागात) असे व्हायला हवे:

१. रेग्युलेटर चालू करा आणि ३.३ व्होल्ट स्थिर होऊ द्या. आरएसटीएन तोवर खाली.

२. आय२सीची रेल वर आहे याची खात्री करून आरएसटीएन सोडा. डेटाशीटमध्ये दिलेला वेळ थांबा; तो वाचवू नका.

३. कॉन्फिगरेशन बिट १ आहे हे वाचून पाहा. मग, आपल्या चिपच्या डेटाशीटशी जुळवून, एसी बूस्ट (हेक्स ०१, वरचे चार बिट), डीसी बूस्ट (हेक्स ०ई, खालचे चार बिट) आणि रिसीव्हरची संवेदनशीलता (हेक्स २५) लिहा. प्रत्येक वेळी आधी वाचा, हवे तेवढेच बिट बदला आणि परत लिहा. उरलेले बिट राखीव आहेत. सरळ पूर्ण बाइट लिहिला तर ते पुसले जातात आणि चिप विचित्र वागते.

४. कॉन्फिगरेशन बिट शून्य करा.

५. यानंतरच यूएसबी कंट्रोलरला पोर्ट चालू करू द्या.

पाचवी पायरी सर्वात जास्त विसरली जाते. चिप हाय-स्पीड ओळखते ती चर्पवरून. चर्प होऊन गेल्यावर चिप जागी झाली तर तिला लिंक हाय-स्पीड आहे हे कळायला मार्ग नाही. आय२सी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून फाइल सिस्टिमवरून लोड होतो आणि एक्सएचसीआय (यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर) कर्नलमध्येच असतो, तेव्हा नेमके हेच घडते: बूटवेळी जोडलेले उपकरण खराब चालते, तेच काढून परत लावले की उत्तम चालते. ‘काढून लावा’ हा उपाय ज्या लाइनवर सर्वांना पाठ झाला आहे, तिथे हा दोष हमखास आहे असे समजा.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. चिपचा ड्रायव्हर फाय फ्रेमवर्कमध्ये (सिग्नलच्या थराचे ड्रायव्हर सांभाळणारा कर्नलचा भाग) फाय म्हणून नोंदवा आणि कंट्रोलरच्या नोडमध्ये ‘फायज’ने त्याचा संदर्भ द्या, मग तो तयार होईपर्यंत कंट्रोलरचा प्रोब कर्नल आपोआप पुढे ढकलतो. किंवा हे सगळे यू-बूटमध्येच करून टाका. दुसरा मार्ग सोपा वाटतो आणि छोट्या बोर्डाला पुरतोही, पण पुढचा भाग वाचल्यावर तो एकटा का पुरत नाही ते कळेल. एक्स८६ बोर्डावर हे काम बायोसने किंवा एम्बेडेड कंट्रोलरने एन्युमरेशनच्या (उपकरण ओळखून घेण्याच्या) आधी करायचे असते. ते झाले नसेल तर बोर्डवाल्याकडून फर्मवेअर मागून घ्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर बिघडते

सकाळी रिबूट केले की दुपारपर्यंत ठीक, लाइन अर्धा तास थांबली की मग खराब. याचे कारण सस्पेंड.

बस ३ मिलिसेकंद गप्प राहिली की उपकरण सस्पेंडच्या वाटेला लागते. परत जागे करताना होस्ट किमान २० मिलिसेकंद रिझ्यूमचा सिग्नल देतो आणि दोन्ही बाजू थेट हाय-स्पीडवर परततात. इथे चर्प पुन्हा होत नाही, कारण आधीचा वेग दोघांच्या लक्षात असतो. पण मधल्या काळात ड्रायव्हरने वीज वाचवायला कंडिशनरचा रेग्युलेटर बंद केला असेल, तर कंडिशनरच्या लक्षात काहीच नसते. शिवाय रजिस्टरही मूळ आकड्यांवर गेलेले असतात, कॉन्फिगरेशन बिट पुन्हा १ झालेला असतो. यू-बूटने सकाळी भरलेले आकडे दुपारी कोण भरणार?

म्हणून लिनक्समध्ये छोटा का होईना, ड्रायव्हर हवा आणि त्याला रिझ्यूम हवा. रेगमॅप (रजिस्टरांचे आकडे लक्षात ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर सस्पेंडमध्ये ‘रेगकॅश कॅश ओन्ली’ आणि ‘रेगकॅश मार्क डर्टी’, रिझ्यूममध्ये रेग्युलेटर आणि रिसेट झाल्यावर ‘रेगकॅश सिंक’. मात्र सिंक पत्त्यांच्या चढत्या क्रमाने लिहितो. ०३ आधी येतो आणि ०ई, २५ नंतर. कॉन्फिगरेशन बिट आधीच शून्य होऊन बाकीचे मागून लिहिले जाऊ नयेत म्हणून ०३ ला कॅशमधून वगळा, म्हणजे व्होलाटाइल ठेवा, आणि शेवटी हाताने लिहा.

एवढे करूनही चर्पचा प्रश्न उरतो. त्यासाठी पोर्ट रिसेट व्हायला हवा. कर्नलच्या कमांड लाइनवर ‘यूएसबीकोअर.क्वर्क्स’मध्ये उपकरणाचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक देऊन पुढे ‘बी’ हे अक्षर लावा. ‘बी’ म्हणजे रिझ्यूमऐवजी रिसेट करून जागे करणे. कारखान्यातल्या बोर्डाला वीज वाचवायची गरजच नसेल (बहुतेकांना नसते), तर ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ द्या आणि ड्रायव्हरमध्ये कंडिशनरचा पुरवठा कायम चालू ठेवा. माझे मत या दुसऱ्या मार्गाला आहे. काही मिलिवॅटसाठी लाइन थांबवू नये.

याच जातीचा आणखी एक प्रकार: सस्पेंड नाही, पण मोठी मोटर किंवा वेल्डिंग सुरू होताच बिघडते आणि मग रिबूटपर्यंत तसेच राहते. कंडिशनरची ३.३ व्होल्टची रेल क्षणभर बसली, प्रोसेसर मात्र वेगळ्या रेलवर तरला. रजिस्टर गेले आणि कोणाला कळले नाही. ड्रायव्हरमध्ये दर काही सेकंदांनी ०३ वाचायचे काम ठेवा; बिट १ दिसला तर आकडे परत भरा, पोर्ट रिसेट करा आणि लॉगमध्ये वेळेसह ओळ टाका. त्या वेळा मशीन सुरू होण्याच्या वेळांशी जुळवल्या की वीजपुरवठ्याचा दोषही पुराव्यासह हातात येतो.

बूस्ट किती ठेवायचा

चिप जागी आहे, जागीच राहते आहे, हे पक्के झाल्यावरच बूस्टचे आकडे बदला. आधी बदललेले आकडे सगळे वाया.

२ गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आणि टेस्ट फिक्स्चर असेल तर रस्ता सरळ आहे: होस्टला टेस्ट पॅकेट पाठवायला लावा आणि डोळा, म्हणजे आय डायग्रॅम, बघा. लिनक्समध्ये ‘ईएचसेट’ ड्रायव्हर यासाठीच आहे. बदल होण्याच्या लगेच नंतरच्या बिटमध्ये ५२५ आणि बाकी बिटांत ४७५ मिलिव्होल्ट ही वरची मर्यादा लक्षात ठेवा. सिग्नल मधल्या आकृतीला शिवायला नको आणि या मर्यादेलाही नको.

स्कोप नसेल, आणि साइटवर तो नसतोच, तर हे करा. साइटची खरी केबल, खरे उपकरण, पॅनेलचे दार बंद. एसी बूस्ट आणि डीसी बूस्ट दोन्ही शून्य पायरीपासून सुरू करा. प्रत्येक पायरीवर तीन चाचण्या:

‘यूएसबीरिसेट’ २०० वेळा, आणि प्रत्येक वेळेनंतर ‘स्पीड’ फाइल वाचून नोंद. यात चर्प २०० वेळा तपासला जातो. एकदाही १२ दिसले तर ती पायरी नापास.

कॅमेरा ६४० बाय ४८०, वायूवायव्ही (न दाबलेले चित्र), सेकंदाला ३० फ्रेम, अर्धा तास. हा प्रवाह सेकंदाला सुमारे १८.४ मेगाबाइट होतो आणि हाय-स्पीड आयसोक्रोनसच्या २४.५ च्या मर्यादेत बसून बस चांगली ताणतो. एमजेपेग (दाबलेले चित्र) लावू नका, भार कमी होतो. डीबगएफएसमध्ये यूव्हीसीव्हिडिओखाली ‘स्टॅट्स’ फाइल असते, तिच्यातला एररचा आकडा लिहून ठेवा.

पेनड्राइव्हवरून ‘डीडी’ने ४ गिगाबाइट, डायरेक्ट फ्लॅग लावून, म्हणजे मेमरीतल्या कॅशमधून वाचले जाणार नाही.

आधी फक्त एसी बूस्ट एकेक पायरी वाढवा. एरर शून्यावर येणारी पहिली पायरी आणि तिसऱ्या जातीचे खोटे डिस्कनेक्ट सुरू होणारी पायरी, या दोन्ही सापडल्या की त्यांच्या मधली घ्या. डीसी बूस्टला शक्यतो हात लावू नका. तो सगळी पातळीच वर उचलतो आणि ५२५ कडे लवकर नेतो. केबल खूप लांब आणि तारा बारीक असतील तरच त्याची गरज पडते. एकाच आकड्यावर सगळी मशीन सेट करण्याचा मोह टाळा: अर्धा मीटर केबलच्या पॅनेलला दीड मीटरचा बूस्ट दिला तर तिथे तिसरी जात सुरू होते. आकडे ड्रायव्हरच्या कोडमध्ये न कोरता डिव्हाइस ट्रीमध्ये प्रॉपर्टी म्हणून ठेवा, म्हणजे साइटनुसार बदलता येतील.

संवेदनशीलतेला तीन पातळ्या आहेत, मधली ठेवा. कमी ठेवली तर दुबळा सिग्नल चिपलाच कळत नाही, जास्त ठेवली तर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) गोंगाटालाही ती सिग्नल समजू शकते.

सगळी चाचणी सकाळी सात वाजता करून मोकळे होऊ नका. मराठवाड्यात उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलच्या आत त्याहून बरेच जास्त. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे ४० अंशांच्या फरकाला साधारण १६ टक्के. काठावरच्या लिंकला तेवढे पुरते. दुपारी तीनच्या सुमारास तीच चाचणी पुन्हा घ्या. चिपचा नंबरही वाचा: टीयूएसबी२११ किंवा २१२ च्या शेवटी ‘आय’ असेल तर ती उणे ४० ते ८५ अंशांची, नसेल तर ० ते ७० ची. बदलायची वेळ आली तर ‘आय’चीच मागवा.

टाइप-सी पोर्ट असेल तर

प्लग एका बाजूने लावला तर ५ गिगाबिट, उलटा लावला तर ४८० मेगाबिट: हा वेगळा दोष आहे. यूएसबी ३ चा रिड्रायव्हर (सिग्नलला जोर देणारी चिप) तारांच्या दोन जोड्यांपैकी योग्य जोडी निवडतो आणि दिशा त्याला ड्रायव्हरने सांगायची असते. लिनक्समध्ये हे काम टाइपसी स्विच, मक्स आणि रिटायमर या वर्गांतून होते. ऑनसेमीच्या एनबी७व्हीपीक्यू९०४एम चा ड्रायव्हर ६.५ पासून आणि एनएक्सपीच्या पीटीएन३६५०२ चा ६.७ पासून कर्नलमध्ये आहे. जुना कर्नल असेल तर चिप सुरुवातीच्या दिशेवरच राहते. नव्या कर्नलमध्येही डिव्हाइस ट्रीमधले कनेक्टर ते रिड्रायव्हर ते कंट्रोलर हे पोर्टचे दुवे अपुरे असतील, तर ड्रायव्हर लोड होतो पण दिशेची खबर त्याच्यापर्यंत पोचत नाही. कॉन्फिग पर्याय चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दुवे एकेक करून तपासा.

आणि ईयूएसबी२ रिपीटर ही तिसरीच गोष्ट. नव्या प्रोसेसरांच्या बारीक ट्रान्झिस्टरांना ३.३ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून ते कमी व्होल्टेजवर बोलतात आणि रिपीटर त्याचे नेहमीच्या यूएसबीत भाषांतर करतो. तिथे रिपीटर जागा झाला नाही तर यूएसबी काठावर चालत नाही, अजिबातच चालत नाही. त्यामुळे तो दोष लपत नाही.

आता केबल

वरचे सगळे बरोबर निघाले आणि तरीही एरर आहेत, तर आता हार्डवेअर. कनेक्टरजवळच्या टीव्हीएस डायोडची (व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा पार्ट) कपॅसिटन्स बघा. एक पिकोफॅरडच्या आतली हवी. दुरुस्तीत कोणी जवळ असलेला पॉवर लाइनचा टीव्हीएस बसवला असेल तर कितीही बूस्ट द्या, कडा गोलच राहणार. चिपच्या ३.३ व्होल्टजवळचा आणि व्हीरेगवरचा, दोन्ही ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर जागेवर आहेत का ते भिंगाखाली पाहा. हॉट एअरने शेजारचा पार्ट काढताना ते उडून जातात. केबलची शील्ड दाराच्या पत्र्याला पूर्ण वेढून लागलेली हवी, लांब पिगटेल काढून एका स्क्रूला बांधलेली नको. केबल व्हीएफडीच्या आउटपुट तारांबरोबर एकाच डक्टमधून नेलेली असेल तर वेगळी करा.

आणि नवी केबल घालायचीच असेल, तर घालण्याआधी आणि घातल्यानंतर त्याच तीन चाचण्यांचे आकडे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून चिकटवा, सोबत ०१, ०३, ०ई आणि २५ या चार रजिस्टरांत तेव्हा काय होते तेही. पुढच्या वेळी येणाऱ्याला ०३ वाचूनच निम्मे उत्तर मिळेल.